तीन पुड्या बांधणाऱ्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. वाडीत कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवेलच, आणि तुम्ही म्हणाल, ‘ती थर्मामीटरवाली पोरगी.’ हो, तीच. आपल्या काळ नदीतल्या माशांवरचा माझा प्रबंध स्वीकारला गेला.

तुमच्याकडे यायच्या आधी मी कुठे कुठे फिरले ते सांगितलं नव्हतं, बोलताना राग यायचा. अजून येतो. एका कार्यालयात म्हणाले, पत्र आणा. नेलं, तर त्यावर शिक्का नाही. एका जाणत्या साहेबांनी जिल्ह्यातल्या माशांची यादी हातात ठेवली. नावंच नावं. कुठला मासा वाहत्या पाण्यातला, कुठला थांबलेल्या, खाली गोटे होते की चिखल, काही नाही. विचारलं, तर हसून म्हणाले, ‘मासा पाण्यात असतो, मॅडम.’

मला तर तेवढंच हवं होतं. काळ नदी घाटातून उतरून सावित्रीला मिळेपर्यंत पावलापावलाला बदलते आणि तिच्यातली वस्तीही बदलते. खळाळात मळ्या ओठाच्या चकतीने दगडाला धरून असतो, मुरे गोट्यांच्या फटीत, महाशीर खोल डोहात. काठच्या गाळात मरळ आणि मागूर, कारण त्यांना वर येऊन हवा घेता येते. बाकीच्यांना पाण्यातल्या प्राणवायूवरच भागवावं लागतं, आणि तो उन्हाबरोबर घटतो: 20 अंशांना लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. म्हणून काठावरचं करंज आणि जांभूळ तोडलं की नुसती सावली जात नाही, तिथले मासेही जातात. हे सगळं पुस्तकात होतं. पण आपल्या नदीत ते दाखवायचं, तर प्रत्येक मासा कुठे धरला हे कळायला हवं, आणि विकायला येतात त्या पाटीत सगळे एकत्रच असतात.

तुम्ही मला काही विचारलं नाहीत. मी काठावर बसून वहीत काय खरडते ते नुसतं बघत होतात. आणि एका सकाळी सागाच्या पानांच्या तीन पुड्या माझ्यापुढे ठेवल्यात, करवंदीच्या काट्यांनी टाचलेल्या. एक काटा म्हणजे धारेतले, दोन म्हणजे डोहातले, तीन म्हणजे काठच्या गाळातले. वेगवेगळे बांधायला कुणी सांगितलं नव्हतं. धरताना मासे वेगळे ठेवायचे म्हणजे हातातलं काम दर वेळी थांबवायचं, हे मला नंतर समजलं. त्या दिवशी घरी कालवणाला काय राहिलं असेल, हे विचारायचं धाडस मला आजही नाही. मोजून झाल्यावर मी मासे परत द्यायला लागले, तर म्हणालात, ‘आधी नीट लिही, घाई करू नको.’

शिकलेल्या माणसांनी मला दारात उभं केलं आणि तुम्ही माझा प्रश्न माझ्याआधी ओळखलात. चांगुलपणा म्हणजे गोड बोलणं, असं मला वाटायचं. तुम्ही तर फारसं बोलतही नाही. समोरच्याला नेमकं काय अडलंय ते बघायचं आणि तेवढं करून मोकळं व्हायचं. अशी माणसं प्रत्येक गावात असतात, त्यांच्या टेबलावर घंटी नसते एवढंच. काळ नदीवरच्याच वाळणकोंडीच्या डोहात महाशीर आजही आहेत ते अशाच लोकांमुळे. तिथे देवीच्या माशाला कुणी हात लावत नाही, आणि त्यासाठी कुणाला शिक्का लागला नाही.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार ‘काळ नदीकाठच्या मावशींना’ आहेत. वरिष्ठांनी सुचवलं की आधी कार्यालयाचं नाव घालावं, तशी पद्धत असते. मी नाही घातलं.

पहिला पाऊस पडून वलगण लागली, मासे धारेविरुद्ध वर चढायला लागले, की येते. तेव्हा एक विचारायचंय. उन्हाळ्यातल्या एका पुडीला एकच काटा होता आणि आत मरळीचं पिल्लू निघालं. ते धारेत काय करत होतं? की काटे टाचताना नातवाने हात घातला होता?

तुमची,
थर्मामीटरवाली