बांधालगतच्या पिकाचे टाळता येणारे नुकसान

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उत्पादन घटले की बियाणे, खत आणि पाऊस यांची चर्चा होते. पण ट्रॅक्टर जेथे वळतो त्या बांधालगतच्या पट्टीकडे फारसे कोणी पाहत नाही. नांगरणीपासून कापणीपर्यंत प्रत्येक फेरीला यंत्र तेथेच वळते, त्यामुळे माती दबून पाणी मुरत नाही, मुळे खोल जात नाहीत आणि उभे पीक चाकाखाली येते ते वेगळेच. ‘बांधाकडचे पीक असेच यायचे’ असे म्हणून हे नुकसान सोडून देणे मला मुळीच पटत नाही.

सर्वांत मोठा फरक पडतो तो तासांच्या, म्हणजे नांगरणी-पेरणीच्या ओळींच्या, दिशेने. २०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद अशा एक हेक्टर शेतात २.५ मीटर रुंदीचे पेरणीयंत्र लांबीच्या दिशेने चालवले, तर २० फेऱ्या आणि १९ वळणे होतात. तेच आडवे चालवले, तर ८० फेऱ्या आणि ७९ वळणे. वळण्यासाठी दोन्ही टोकांना सहा-सहा मीटर जागा धरली, तर पहिल्या पद्धतीत शेताचा ६ टक्के भाग तुडवला जातो, दुसरीत तब्बल २४ टक्के. उताराच्या जमिनीत मात्र पेरणी उताराला आडवीच हवी, कारण तेथे धुपीचे नुकसान अधिक गंभीर असते.

पेरताना आतले क्षेत्र आधी पेरून वळणाची पट्टी शेवटी पेरावी, म्हणजे पेरलेल्या ओळींवरून चाके जात नाहीत. कापणीत याउलट ती पट्टी आधी मोकळी करावी. लगतच्या तासात लगेच न शिरता मधले एक-दोन पट्टे सोडून वळल्यास मागे-पुढे करावे लागत नाही. फवारणी करताना वळणावर नोझल बंद ठेवावेत, नाहीतर त्याच पिकावर दुहेरी मात्रा पडते.

वाफसा येण्याआधी, म्हणजे माती कामाजोगी सुकण्याआधी, यंत्र शेतात घालणे सर्वांत वाईट, कारण ओल्या मातीत बहुतेक दाब पहिल्याच फेरीत बसतो. टायरमधील हवा उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत कमी ठेवली, तर वरचा थर वाचतो. खोलवरचा दाब मात्र एकूण वजनामुळे येतो, म्हणून भरलेली ट्रॉली शेताबाहेरच उभी करावी.

भाड्याचे यंत्र तासावर किंवा क्षेत्रावर ठरते आणि चालकाला पुढच्या शेताची घाई असते. म्हणून वळण्याची जागा आणि कामाचा क्रम शेतमालकाने यंत्र आत येण्यापूर्वीच ठरवून द्यावा, आणि चालकांच्या प्रशिक्षणात वळणाच्या पद्धतींचा प्रत्यक्ष सराव घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक