जबाबदारी खरेदी विभागात मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बहुराष्ट्रीय कंपन्या पर्यावरण आणि कामगार यांच्याबाबत आपण काय करतो हे सांगणारे ‘शाश्वतता अहवाल’ काढतात, त्यांवरचा आपल्या दैनिकातील लेख वाचला. कोणत्या निर्देशांकात कोण वर चढले, कोणी २०५० पर्यंत ‘नेट झिरो’ (म्हणजे हवेत सोडलेला कार्बन आणि हवेतून काढलेला कार्बन सारखाच) होण्याचे जाहीर केले, ही माहिती त्यात नीटनेटकी आली आहे. पण या कंपन्या माल विकत कसा घेतात, याबद्दल चकार शब्द नाही. खरी मेख तिथेच आहे.

निर्देशांकांचे म्हणाल, तर सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन डाऊ जोन्स शाश्वतता निर्देशांकात वाहन उद्योगात अव्वल ठरली होती. त्याच महिन्यात डिझेल गाड्यांच्या प्रदूषण चाचणीतली सॉफ्टवेअरची लबाडी उघड झाली आणि पुढच्या महिन्यात कंपनीला त्या यादीतून काढावे लागले. असो.

परदेशी ब्रँडसाठी तयार कपडे बनवून घेण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. मुख्यालयातले दोन विभाग कारखान्याशी बोलत असतात. एक आचारसंहिता पाठवतो: ओव्हरटाइम धरून आठवड्याला ६० तासांच्या वर काम नको, संकटकालीन दारे मोकळी हवीत. दुसरा, म्हणजे खरेदी विभाग, नमुना मंजूर करायला आठवडेच्या आठवडे लावतो, ऐन वेळी बटणे बदलतो, दर आणखी खाली आणायला सांगतो. जहाजाची तारीख मात्र तीच. उशीर झाला तर माल विमानाने पाठवायचा आणि भाडे कारखान्याने सोसायचे. त्या भाड्यात अख्ख्या ऑर्डरचा नफा जाऊ शकतो, म्हणून मालक रात्रपाळी लावतो. हे दोन विभाग एकमेकांशीही बोलतात, असे मला कधी जाणवले नाही.

आचारसंहिता पाळली जाते का हे पाहणाऱ्या तपासणीची, म्हणजे ऑडिटची, तारीख बहुधा आधीच कळलेली असते. आदल्या संध्याकाळी जिन्यातली खोकी हलतात, मागच्या दाराचे कुलूप निघते, अग्निशामक नळकांड्यांवर नव्या तारखेच्या चिठ्ठ्या लागतात. हजेरीपट दोन असतात, एक पगाराचा आणि एक दाखवायचा. विचारले तर काय सांगायचे, हे कामगारांना पढवलेले असते. तपासनीस काही दूधखुळा नसतो. पण त्याला संध्याकाळपर्यंत यादी भरायची असते आणि त्याची फी पुष्कळदा कारखानाच देतो.

याचे टोक कराचीत दिसले. अली एंटरप्रायझेस या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० हे कामगारांना नीट वागवले जात असल्याचे प्रमाणपत्र मिळाले आणि ११ सप्टेंबरला तिथे आग लागून अडीचशेहून अधिक कामगार गेले. आग खंडणीसाठी लावली होती, असे तिथल्या न्यायालयाने पुढे ठरवले. पण खिडक्यांचे गज आणि बंद दारे ही काही खंडणीखोरांनी करून ठेवलेली सोय नव्हती. मुख्य ग्राहक होती जर्मनीची किक ही कंपनी; तिच्याविरुद्धचा दावा डॉर्टमुंडच्या न्यायालयाने २०१९ मध्ये मुदतबाह्य म्हणून फेटाळला.

बांगलादेशात ढाक्याजवळची राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, ११३४ माणसे गेली. आदल्या दिवशी तडे दिसल्यावर खालची बँक रिकामी झाली होती. शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. तिथल्या काही कारखान्यांचे सामाजिक ऑडिट झालेले होते. इमारतीचा सांगाडा तपासणे त्या ऑडिटच्या कक्षेतच नव्हते.

त्यानंतरचा बांगलादेश अकॉर्ड मला म्हणूनच अहवालांच्या ढिगापेक्षा मोलाचा वाटतो. कारखान्यांच्या सुरक्षिततेसाठी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यातला तो बंधनकारक करार. दोनशेहून अधिक ब्रँडनी त्यावर सह्या केल्या. तपासणीचे निष्कर्ष कारखान्याच्या नावानिशी जाहीर होऊ लागले. दुरुस्तीचा खर्च कारखान्याला पेलेल अशा व्यापारी अटी ठरवण्याची जबाबदारी ब्रँडवर आली, म्हणजे दर आणि सुरक्षितता प्रथमच एका कागदावर आली. कामगार संघटनांनी दोन ब्रँडना हेगच्या लवादापुढे खेचले आणि दोन्ही प्रकरणे तडजोडीने मिटली. त्यातल्या एकाने २३ लाख डॉलर मोजायचे कबूल केले.

कार्बनचेही तेच. कपड्यांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या ब्रँडचे बहुतेक उत्सर्जन ‘स्कोप ३’ मध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या आवाराबाहेर, मुख्यतः पुरवठादारांकडे असते. मुख्यालयाच्या छतावर सौर पॅनेल लावणे सोपे आहे. पुरवठादाराचा कोळशाचा बॉयलर बदलायचा, तर त्याचे पैसे वसूल व्हायला वर्षे लागतात, आणि त्याच्या हातात ऑर्डर असते एका हंगामाची. अशा माणसाला कोणती बँक कर्ज देईल?

कायद्यांतला फरकही लेखकाने सांगायला हवा होता. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे आहेत. फ्रान्सचा २०१७ चा दक्षता कायदा उपकंपन्या आणि पुरवठादारांकडचे धोके शोधून टाळायला सांगतो. पहिला विचारतो नफ्यातून काय दिले, दुसरा विचारतो नफा कसा झाला. जर्मनीने २०२३ पासून दुसरी वाट धरली, युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसा निर्देश काढला आणि पुढच्याच वर्षी उद्योगांच्या तक्रारींपुढे नमून अंमलबजावणी लांबणीवर टाकली. कंपन्यांची एक तक्रार मात्र खोटी नाही. कायदा आला की प्रश्नावल्या आणि हमीपत्रे खाली ढकलली जातात, ती भरता न येणारा लहान पुरवठादार गळतो आणि मुख्यालय कागदोपत्री स्वच्छ राहते. पण हा दोष खरेदीच्या अटी न बदलता कायदा पाळल्याचा आहे.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशा अहवालाची बातमी देताना आपल्या प्रतिनिधीने कंपनीकडे कारखान्यांची नावानिशी यादी मागावी. ऑर्डर पक्की झाल्यावर दर किंवा नमुना किती वेळा बदलला आणि त्याच पुरवठादाराशी किती वर्षांचा करार आहे, हेही विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर मिळाले नाही असे छापावे.

कळावे,
एक निवृत्त मर्चंडायझर