बोर्ड बदलला, पण लाईनमन कुठाय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा बाजाराच्या दिवशी अमळनेरला गेलो तर एका रिचार्जच्या दुकानावर बीएसएनएलचा नवा बोर्ड दिसला. भगवा गोल आणि त्यात भारताचा नकाशा. हा लोगो 22 ऑक्टोबर 2024 लाच आलाय, दूरसंचार मंत्री ज्योतिरादित्य शिंदेंनी दिल्लीत जाहीर केला, आमच्या बाजारात पोचायला वेळ लागला एवढंच. आधी खाली कनेक्टिंग इंडिया असायचं, आता कनेक्टिंग भारत. यावरून मोबाईलवर लोकं एवढी का भांडत होती कळत नाही, भारत संचार निगम, म्हणजे कंपनीच्या नावात भारत तर 1 ऑक्टोबर 2000 पासूनच आहे ना.

नाव बदलणं हे पण काही नवीन नाही. दूरसंचार खात्याची बीएसएनएल झाली, मग 2002 ला मोबाईल आला तेव्हा त्याला सेलवन म्हणायचे, आमच्या आळीतले म्हातारे अजूनही सिमला सेलवनच म्हणतात. पण खरं सांगू का, आमच्या गावात कंपनीचा लोगो म्हणजे सायकलवर येणारा लाईनमन होता. कॅरियरला वायरचं भेंडोळं, खांद्याला तो टेस्टिंगचा फोन, पावसात फोन डेड झाला की निरोप जायचा आणि माणूस दुसऱ्या दिवशी खांबावर चढलेला दिसायचा. चहा घेतल्याशिवाय जायचा नाही, आणि जाताना कोणाच्या मुलीचं कुठे जमलं ते पण सांगून जायचा, ती सेवा बिलात नव्हती.

मग 2019 ला व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती आली आणि 31 जानेवारी 2020 ला एका दिवसात 78 हजारांवर लोक घरी गेले. पगाराचा बोजा होता हे मान्य, खाजगीवाल्यांनी 4जी आणून फार वर्षं झाली होती आणि ही कंपनी 3जीवरच अडकलेली, तोटा वाढत होता. सरकारने नंतर पॅकेज दिली, 2022 चं तर 1 लाख 64 हजार कोटींचं. आणि 27 सप्टेंबर 2025 ला ओडिशातल्या झारसुगुडाहून 4जी सुरू झालं, ते सुद्धा सरकारी संशोधन संस्था सीडॉट आणि तेजस, टीसीएस या देशी कंपन्या यांनी इथेच बनवलेल्या सामानावर. याचा मला खरंच अभिमान वाटतो, बाहेरच्या देशाकडे हात न पसरता हे केलं. जुलै 2024 मध्ये खाजगी कंपन्यांनी रेट वाढवले तेव्हा माझ्या भाच्याने घरातली तीन सिमं इकडे पोर्ट केली ती अजून तशीच आहेत.

पण टॉवर उभा करणं वेगळं आणि चालू ठेवणं वेगळं. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे वादळात लाईट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी उतरली की गप. मग कोणीतरी डिझेल घेऊन घाट चढायला लागतो. तो माणूस कोण, आपल्याला माहीतच नसतं, कारण हे काम आता बरंचसं ठेकेदाराकडे असतं. त्या दुकानापुढे उभा असलेला एक म्हातारा बोलला, "बोर्ड ते बदलना भो, पन लाईनमन कथा गया?"

म्हणून माझी एकच मागणी आहे. त्या भगव्या गोलाखाली टॉवर बघणाऱ्या माणसाचा नंबर मराठीत मोठ्या अक्षरात रंगवा. डबाभर रंग आणि एक ब्रश लागेल, पेंटर आमच्या गावात आहे.

आपला,
एक जुना लँडलाईनवाला, ता. अमळनेर, जि. जळगाव