आईचं नाव विचारल्याबद्दल

चाचा,

फोंड्याजवळच्या तुमच्या दर्ग्यात त्या गुरुवारी अबोलीचा वळेसार घेऊन जी बाई बराच वेळ पायरीवर घुटमळत होती, ती मी. आत यावं की नको, पदर कुठवर घ्यावा, काही कळत नव्हतं. आणि जे विचारायचं होतं ते तर त्याहून अवघड.

आमची आई विजापूरकडची. लग्न होऊन गोव्यात आली ती जातं घेऊनच (ते जातं इथवर कसं आणलं ती वेगळीच कथा). दळताना विठ्ठलाच्या ओव्या म्हणायची आणि मधेच ‘हू हू अल्ला’. लहानपणी शेजारणीकडून उचललेलं. अर्थ तिलाही ठाऊक नव्हता. ती गेल्यावर माझ्या डोक्यात तेवढंच फिरत राहिलं.

विचारत सुटले. एका विद्वानांनी चिश्ती, कादरी, सुहरावर्दी, नक्षबंदी अशी सिलसिल्यांची, म्हणजे सूफी पंथांची, नावं घडाघडा म्हणून दाखवली आणि ‘त्यात जात्याबित्याचं काही नसतं’ म्हणून मोकळे झाले. नात्यातल्या एकाने ‘हे बाहेर बोलू नकोस’ असं बजावलं. माझ्याच आईबद्दल, तेराव्याच्या आत.

तुम्ही ऐकलंत आणि हसलात. ‘हा तर चक्कीनामा!’ विजापूरच्या सूफींच्या परंपरेतली, दखनीतली दळणाची गाणी. खुंटा म्हणजे अलिफ, त्यांच्या लिपीतलं उभ्या रेघेचं पहिलं अक्षर, म्हणजे अल्ला. मधली खीळ म्हणजे पैगंबर. आणि जातं फिरेल तसा जिक्र, आपलं नामस्मरणच की. ‘हू’ म्हणजे ‘तो’. खानकाहात, म्हणजे सूफींच्या मठात, मुरीद (शिष्य) पिरापुढे बसून जे शिकत, ते बायकांना दळणातून मिळालं. इथला मुलूखही तेव्हा आदिलशाहीचाच, फोंड्याची साफा मशीद १५६० ची. म्हणजे विजापूरहून फोंड्याला येणारी आमची आई काही पहिली नव्हती! हे मला नंतर सुचलं, परतताना कदंबा बसमध्ये.

हे सगळं एखाद्या पुस्तकातही सापडलं असतं म्हणा. पुस्तकाने आईचं नाव विचारलं नसतं.

वळेसार घेऊन मजारीकडे वळता वळता तुम्ही थांबलात. ‘अम्मीचं नाव काय?’ मी सांगितलं. जुनं, जोडाक्षरांचं नाव. तुमची जीभ अडखळली. पुन्हा विचारलंत. तिसऱ्यांदा नीट जमलं, तेव्हाच हात वर केलेत आणि त्या नावासकट दुआ मागितलीत. दहा महिन्यांत लोकांनी तिचा आजार विचारला, घर कुणाच्या नावावर तेही विचारलं. तिचं नाव विचारलं ते फक्त फॉर्म भरणाऱ्यांनी, आणि त्यांनीही चुकीचंच लिहिलं.

आवाज चढवून धर्म सांगणारे रोज भेटतात, चाचा, दोन्हीकडचे. परक्या बाईच्या गेलेल्या आईचं नाव बरोबर यावं म्हणून तीनदा विचारणारा मला आयुष्यात एकच भेटला. मी पैसे काढले तर तुम्ही पेटीकडे बोट दाखवलंत आणि आत चहा सांगायला गेलात.

ऊरूस म्हणजे मुळात लग्न, वलीच्या, म्हणजे संताच्या, मरणाचा दिवस हा मीलनाचा दिवस, असं तुम्ही चहा पिताना म्हणालात. यंदाच्या ऊरुसाला येते. तुमच्या सुनेला ते गाणं ऐकायचं होतं ना? जातं पुसून ठेवलंय. चाल माझ्याकडे आहे, पुढचे शब्द तुम्ही आठवून ठेवा.

तुमची,
पायरीवरची बाई