चोडण, मये, माशेल

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर दोनदा सांगायला घेतलं पण बाबांना नीट ऐकू येत नाही आणि मध्येच लाइन जाते, म्हणून आज रविवार आहे तर बसून लिहितेय. दादाला सांगा मोठ्याने वाचून दाखव म्हणून, आणि सावकाश वाच म्हणावं.

मी शुक्रवार-शनिवार सुट्टी घेऊन सायकलवरून आपल्या माशेलच्या घरी जाऊन आले. सरळ रस्त्याने नाही. पणजीहून रायबंदर, तिथून फेरीने चोडण, चोडणहून मये, मयेहून नार्वे, परत फेरीने दिवाडी, मग जुने गोवे, करमळी, कुंभारजुवे आणि माशेल. आई आता म्हणणार एकटी कशाला गेलीस, पण खरं सांगते एकटी आहे असं कुठेच वाटलं नाही, फेरीवर प्रत्येक वेळी कुणीतरी विचारलंच, तू कोणाची, कुठली, आणि माशेलची म्हटलं की लगेच ओळख निघायची.

पणजीहून सकाळी साडेसहाला निघाले. पणजीच्या पाटो भागातून रायबंदरला जाणारा तो जुना बांध, 1633-34 साली बांधलेला, त्यावरून मी रोज स्कूटरने जाते पण सायकलवर पहिल्यांदाच कळलं की तो पाण्यातून जातो. एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला खारफुटी, आणि सुकती, म्हणजे ओहोटी, असल्यामुळे चिखल उघडा पडलेला आणि त्याचा तो वास, बाबा, तुमच्या जुन्या चपलांना यायचा तसा.

बाबा, मला तुमच्याशीच बोलायचंय खरं तर. तुम्ही लग्नाआधी तीन वर्षं चोडणच्या शाळेत होतात, पणजीत खोली आणि रोज सायकल घेऊन रायबंदरची फेरी, हे मी लहानपणापासून ऐकतेय पण ते माझ्यासाठी फक्त एक वाक्य होतं. परवा मी सायकल फेरीबोटीवर चढवली, रेलिंगला टेकवून उभी राहिले, आणि मधोमध आल्यावर दोन्ही काठ सारखेच लांब दिसायला लागले तेव्हा वाटलं की बावीस-तेवीस वर्षांचे बाबा रोज इथे असेच उभे असणार, वह्यांची पिशवी हँडलला लावून. मला तेव्हा तुमची इतकी आठवण आली की पलीकडे उतरल्यावर थोडा वेळ मी तशीच धक्क्यावर बसून राहिले. आणि आई, तुझीही आठवण आली, 1986 च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा दादाला कडेवर घेऊन तू फेरीच्या गर्दीत उभी राहायचीस ते तू सांगतेस ना, तीही नदी हीच.

चोडणला उतरल्या उतरल्या सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, सगळी खारफुटी. मी आत गेले नाही, बाहेरच्या रस्त्यावरूनच चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या आणि दोन खंडे दिसले. पुढे सगळी खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं. भात कापून झालेलं, वाफ्यांत नुसती खुंटं, आणि मध्ये मध्ये पोंय, म्हणजे साठलेल्या पाण्याची डबकी.

एका मानशीजवळ थांबले. तिथे एक म्हातारे काका जाळं सुकवत होते, त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं आणि मी वेड्यासारखी तासभर तिथेच. मानस म्हणजे बांधातलं दार एवढंच मला माहीत होतं, पण ते दार कोणी उघडत-लावत बसत नाही, भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या जोराने ते आपोआप मिटतं आणि सुकतीला आतलं पाणी ढकलतं तेव्हा आपोआप उघडतं. मोटर नाही, वीज नाही. आणि ही सगळी शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीला आहेत हो, म्हणजे बांध आणि ती लाकडी दारं आहेत म्हणून जमीन आहे, नाहीतर तिथे नदीच असती. पावसाने मातीतलं मीठ धुऊन जातं मग कोरगुट भात पेरायचं, ते खारं पाणी थोडंफार सोसतं, आणि भात काढलं की तिथेच मासळी, रात्री सुकतीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की शेवटे, काळुंदरं हे मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी. मानशीची दर वर्षी पावणी, म्हणजे तिथे मासे धरायच्या हक्काचा लिलाव, होते ते तुम्हाला माहीतच आहे.

पण काका म्हणाले पलीकडचा बांध फुटला तो कुणी वेळेत बांधलाच नाही, एकदा खारं पाणी आत शिरलं की काही वर्षं भात नाही, आणि पडीक राहिलं की खारफुटी शिरते मग ते शेत परत मिळत नाही. मी बघितलं ते. बांधाच्या एका बाजूला नीट कापलेलं शेत आणि दुसऱ्या बाजूला कमरेएवढी खारफुटी, आणि मध्ये फक्त चार हाताचं भगदाड होतं कधीतरी. शेकडो वर्षं माणसांनी पावसाआधी एकत्र येऊन चिखल-पेंढा-दगड घालून जे सांभाळलं ते एका भगदाडाने जातं, याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतंय. बाबा तुमच्या वेळी बांधाच्या कामाला वर्गातली मुलं पण जायची का? गैरहजर लागायची का त्यांची? हे मला सांगाच.

चोडणहून तिखाजनचा पूल ओलांडून मयेला. हा चढ मात्र जड गेला, आणि मयेच्या अलीकडे पंक्चर झालं, एका पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, स्वतःची सायकल स्टँडला लावून मला ट्यूब बदलायला मदत केली आणि वर दोन गरम पोळ्या दिल्या, पैसे घेईना. तळ्यावर बसून खाल्ल्या. चारी बाजूंनी टेकड्या आणि मध्ये ते हिरवं शांत पाणी. रात्री आत्याकडे राहिले, तिने उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या सुंगटांची किसमूर केली होती, ती तुमची फार चौकशी करत होती.

आणि तिथेच जेवताना आत्या सहज म्हणाली, अगं तू तर देवाच्याच वाटेने निघालीस. माझा घास हातातच राहिला. आपला देवकीकृष्ण मूळचा चोडणचा, पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी मूर्ती आधी मयेला आणली आणि मग माशेलला, हे तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलंय. चोडण, मये, माशेल. मी नकाशावर वाट काढली ती फक्त फेऱ्या आणि तळी बघून, ते माझ्या डोक्यातच नव्हतं. रात्रभर तोच विचार, की रस्ता नाही पूल नाही, अंधारात होडीत आईच्या मूर्तीजवळ तो लहान कृष्ण, आणि वल्हवणाऱ्याला भरती-सुकतीची वेळ साधायची, चुकली तर होडी चिखलात रुतणार. ज्यांनी नेली त्यांना हे खाजनाचं पाणी तळहातासारखं माहीत असणार.

दुसऱ्या दिवशी नार्वेला सप्तकोटेश्वराचं दर्शन घेतलं. तोही नदी ओलांडूनच आलेला, कदंब राजांचं कुलदैवत, मूळ दिवाडीवरचा, आणि नार्वेचं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये नव्याने बांधायला लावलं. तिथून फेरीने मी उलट दिवाडीला गेले, देव जिथून आले तिकडे. दिवाडी सपाट आहे, सायकलला स्वर्ग, पण ऊन फार लागलं म्हणून थांबले नाही. जुने गोवे पण तसंच मागे टाकलं, बसेसची गर्दी होती.

करमळीच्या तळ्यावर मात्र तुम्ही हवे होतात. आई, तू म्हणशील तळं ते काय बघायचं, पण बदकं किती होती गं, शेकड्यांनी, शिट्टीसारखा आवाज करत एकदम उठायची आणि परत बसायची, आणि कमळाच्या पानांवरून जांभळ्या पाणकोंबड्या चालत होत्या. मागून कोकण रेल्वेची गाडी गेली. तुम्ही याल तेव्हा करमळीलाच उतरा, स्टेशनपासून तळं जवळ आहे, मी रिक्षा घेऊन येते.

गवंडाळीच्या पुलावरून कुंभारजुव्याचा कालवा बघितला, मगर नाही दिसली, तासभर थांबायची तयारी होती पण संध्याकाळ होत आली होती.

माशेलला पोचले तेव्हा देवळात दिवे लागलेले. सायकल देवळासमोरच्या मैदानात लावली, आषाढात चिखलात खेळतात त्या चिखलकाल्याच्या जागेवर, आता कोरडी ठाक आहे. आत जाऊन नुसती उभी राहिले, मागायचं काही सुचलंच नाही.

घर ठीक आहे. मागच्या पडवीत दोन कौलं सरकलीत ती बघून घेते. आणि बाबा, तिथे तुमची सायकल अजून आहे, गोणपाटाखाली. सीट गेलंय, टायर गेलेत, पण रिंगला गंज कमी आहे आणि घंटी वाजते, मी वाजवली. दुकानवाला म्हणतो होईल चालू. फक्त मागच्या चाकाला कुलूप आहे आणि मला ते तोडायचं नाहीये. किल्ली कुठे असेल? आई म्हणायची तुमच्या जुन्या किल्ल्या देव्हाऱ्याखालच्या डब्यात आहेत, तो डबा डोंबिवलीला आणलाय का माशेललाच आहे ते कळवा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला आहे, त्याआधी तिकिटं काढते, गुडघ्याचं डॉक्टरांना विचारून ठेवा.

तुमची,
बाळी