आमच्याकडं पाणी येते

संपादक साहेब, नमस्कार.

माझी पोरगी तिसरीत आहे. मागच्या आठवड्यात तिला पावसाच्या चित्राखाली इंग्रजीत एक वाक्य लिहायचं होतं, तिनं लिहिलं 'वॉटर इज कमिंग'. त्यावर लाल पेनाची मोठी फुली, बाजूला काहीच नाही. साहेब, मला ती फुली पाहून लय वाईट वाटलं, कारण आमच्या घरी आभाळ भरून आलं की आजी ओरडते, "पाणी येऊन राहिलं, वाळवण उचला", पोरीनं तेच तर लिहिलं होतं.

त्याच रात्री मोबाईलवर स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठीचा इंग्रजीचा धडा दिसला, अगदी नवशिक्यांचा. त्यातल्या बाई आधी त्यांचा शब्द म्हणतात, 'युएवे', हाताची बोटं हलवत खाली आणतात आणि मग सावकाश 'इट इज रेनिंग'. स्पॅनिशमध्ये त्या एका युएवेतच 'पाऊस पडतो' हे पूर्ण वाक्य येते, पुढं काही लावावं लागत नाही, म्हणून त्यांचे लोक नुसतं 'इज रेनिंग' लिहून मोकळे होतात. उन्हाचंही तसंच, ते म्हणतात 'आसे सोल', म्हणजे शब्दाला शब्द लावला तर 'ऊन करते', इंग्रजीत मात्र 'इट इज सनी'. त्या बाईंना माहीत आहे आपला माणूस कुठं अडखळतो, तिथंच त्या थांबून समजावतात.

आमच्या पोट्ट्यांना एवढंच कोणी सांगत नाही की बाबा, आपण पाणी येते म्हणतो, इंग्रजीत वाक्याला कर्ता लागतेच म्हणून तिथं 'इट' बसवतात, ते इट म्हणजे पाणीही नाही न आभाळही नाही. पाच मिनिटांचं काम आहे. आणि झड लागली, चार दिवस सूर्य नाही, त्याला काय म्हणायचं हे तर पोरं स्वतःहून विचारतील.

हे शब्द आता खेड्यातही लागतात. हवामान खात्याचा येलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट येते, वीज पडण्याचा इशारा द्यायला दामिनी ॲप आहे, निंदणाला गेलेल्या बायांच्या पोरांना घरी बसून लाइटनिंग न थंडरस्टॉर्म वाचता आलं पाहिजे.

शिक्षकांना हात जोडून विनंती, फुली मारा, पण तिच्या बाजूला बरोबर वाक्य तेवढं लिहून द्या.

एक पालक,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ