म्युझियमवरचं लिखाण वाचकांपर्यंत न्यायचं कोणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या बडोद्याच्या कमाटी बागेबद्दल, म्हणजे सयाजीबागेबद्दल, पेपरात काही आलं की ते पार्किंगचं असतं नाहीतर झूमधल्या नव्या प्राण्यांचं, असू दे, लोक ते वाचतात. पण त्याच बागेतल्या म्युझियमवर आणि एकूणच सायन्सवर मराठीत मनापासून लिहिणारे लोक आपल्या बडोद्यात आहेत, कुणी रिटायर्ड प्रोफेसर, कुणी शाळेतल्या बाई, कुणी म्युझिऑलॉजी म्हणजे म्युझियमचं शास्त्र शिकणारी पोरं, आणि ते वाचतं कोण तर हेच सगळे, एकमेकांचं. बाहेरच्या माणसाला पत्ताच नाही.

आता तो देवमासाच घ्या. ब्लू व्हेलचा सांगाडा, सुमारे 70 फूट लांब, 1944 साली मही नदीच्या मुखापाशी आलेला. बडोद्यात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणी त्याच्यासमोर आ वासलेला आहे, पण पुढे विचारा, कुणाला काही सांगता येत नाही. ब्लू व्हेल 90-100 फुटांपर्यंत वाढतो म्हणून ह्या एवढ्या धुडाला पिल्लू म्हणतात. तो मासा नाहीच मुळी, पोराला दूध पाजणारा प्राणी, त्याच्या वल्ह्यासारख्या परात आपल्या पंजासारखीच बोटांची हाडं असतात, नीट बघितलं तर दिसतात. आणि एवढा मोठा जबडा पण दात एकही नाही, वरून झालरीसारख्या पट्ट्या लोंबतात, त्यातून पाणी गाळून कोळंबीसारखे बारके जीव खातो. हे ऐकून कुठलं पोरगं घरी गप्प बसेल? पण आपल्याकडे ह्याच गोष्टीला हेडिंग काय देणार, तर 'संग्रहालयातील प्राणिविज्ञान विभाग: एक परामर्श'. अहो परामर्श कशाला, '70 फुटांचं पिल्लू' एवढं लिहा, लोक वाचतील.

दुसरं म्हणजे हे लिखाण फिरतं कसं ते बघा. मजकूर कुठल्यातरी जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला, तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती चिन्हं दिसतात, मग त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा. फोटोतली अक्षरं मोबाईलवर धड वाचता येत नाहीत, आणि उद्या कुणी 'बडोदा म्युझियम देवमासा' असं मराठीत सर्च केलं तर त्या फोटोतलं काय कप्पाळ सापडणार, वेळ आणि तिकीट तेवढं सापडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटर-मोबाईलवर नीट उघडेल असा, साधा मजकूर टाकला, फोटोखाली दोन ओळींत हे काय आहे ते लिहिलं, स्वतः काढलेले फोटो इतरांना वापरायला मोकळे ठेवले, तर अर्धं काम तिथेच होतं. ह्याला पैसे पडत नाहीत, सवय लागते.

आणि एक गोष्ट जी आपण चारचौघांत बोलत नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या घरांतली नातवंडं मराठी बोलतात झकास पण वाचताना अडखळतात, कारण शाळा इंग्लिश मीडियमची आणि रस्त्यावरच्या पाट्या गुजराती. त्यांना तीन पानांचा लेख पाठवून काय होणार? त्याच लेखाचा तीन मिनिटांचा ऑडिओ करून पाठवा, घरातल्या आजीच्या आवाजात असेल तर उत्तमच. शुद्धलेखनावरून जीव टाकणारे लोक नाक मुरडतील, मुरडू देत.

हे काही आपल्याला नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या लायब्ररियनला बोलावून संस्थानभर वाचनालयं उभी केली, आणि जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी त्याच लायब्ररी खात्याचा मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर मोठी करून दाखवायचं यंत्र) आणि सिनेमा दाखवणारा वेगळा विभाग होता. विचार करा, लोक लायब्ररीत येत नाहीत म्हणून कुरकुरत न बसता पेटी उचलून त्यांच्या दारात नेली. आपल्या हातात मोबाईल असून आपण मात्र लोक वाचत नाहीत हो म्हणून सुस्कारे टाकतो.

तर संपादकसाहेब, तुमच्याकडून काय हवं ते सांगतो. आठवड्यातून एकदा एक चौकट, 150 शब्द, एक वस्तू, एक फोटो, आणि पूर्ण लेख वाचायला क्यूआर कोड, बस. ज्याने लिहिलंय त्याचं नाव मात्र ठळक द्या, नाहीतर आपल्याकडे फॉरवर्ड झालं की लेखकाचं नाव सगळ्यात आधी गळतं. एक अट हवी, छापायच्या आधी जाणकाराने तपासलेलं असावं. एम.एस. युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजीचं डिपार्टमेंट 1952 पासून आहे, तिथल्या मुलांना लिहायची प्रॅक्टिस मिळेल, सरांना तपासायचं काम, आणि तुम्हाला फुकटात चांगला मजकूर.

विषयांना तोटा नाही. अकोटा ब्रिजवरून रोज ऑफिसला जाणाऱ्या किती जणांना माहितीये की त्याच अकोट्यात जैन ब्राँझमूर्तींचा साठा सापडला होता, पाचव्या ते अकराव्या शतकातल्या मूर्ती? आपल्याच बडोद्याचे जैन कलेचे अभ्यासक उमाकांत शाह यांनी त्यावर 1959 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं, पण ते इंग्रजीत आणि अभ्यासकांसाठी, आणि मूर्ती आपल्या कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये. ममी आहे, तिच्यासमोर पोरं भुताच्या गोष्टी सांगत उभी असतात, त्यांना मिठाने शरीर कसं सुकवायचे ते सांगा, भुतापेक्षा जास्त मजा येईल. फत्तेसिंह म्युझियममधली रविवर्म्याची चित्रं आहेत, तैलरंगाला तडे का जातात हा निव्वळ सायन्सचा विषय आहे, चित्रकलेच्या पानावर कधी येत नाही.

देवमाशावरचे पहिले 150 शब्द मी लिहून, तपासून घेऊन, युनिकोडमध्ये ईमेल करतो, फोटोची परवानगीही मीच विचारतो. रविवारी जागा नसेल तर बुधवार चालेल, तसंही बुधवारी राशिभविष्याच्या खाली अर्धा कॉलम तुम्ही जुन्याच विनोदांनी भरता.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा